क्लचवरचा पाय

भास्करअण्णा औटींना कुणाचा हेवा वाटला नाही, असा एकही दिवस मला आठवत नाही.

मी पारनेरला शाळेत शिकवत होते, तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. माझे मिस्टर पुण्याला नोकरीला. शनिवारी यायचे, सोमवारी पहिल्या एसटीनं परत जायचे. खाली अण्णा आणि नलूकाकू दोघंच. मुलगी संगमनेरला दिलेली. बाजारपेठेत अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यांनी काढलेले. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आल्यामुळं स्टुडिओत पासपोर्ट फोटोपुरतं कुणीतरी यायचं, आणि अण्णांना नगरच्या त्या ड्रोनवाल्या पोरांचा हेवा करायला भरपूर वेळ मिळायचा.

हेव्याला कारण मोठं लागायचं नाही. शेजारच्या नळाला पाणी आपल्या आधी येतं. समोरच्यांच्या जास्वंदीला फुलं जास्त. थोरल्या भावाच्या डोक्यावर सत्तरीतही दाट केस. "केस हायेत त्याला," अण्णा स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणायचे, "पन भांग पाडता येत न्हाई." काकू हे सगळं ऐकत भाजी निवडत बसायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, "ह्यांना देव जरी भेटला ना बाई, तरी आधी विचारतील, शेजारी काय दिलं म्हनून."

पण हे सगळं किरकोळ. दुसऱ्याकडं आहे म्हणून जळणं वेगळं, आणि जे आपलं आहे त्याच्याकडं कुणी बघतं म्हणून जळणं वेगळं. हे दुसरं जळणं अण्णांनी सगळंच्या सगळं त्यांच्या गाडीसाठी राखून ठेवलं होतं.

गाडी काळी, इंग्रजी बनावटीची, अण्णांच्या जन्माच्या आसपासची. गोल पाठ, मोठे दिवे, आत लाल सीट. ती त्यांच्याकडं कशी आली, हे ते नव्या माणसाला हमखास सांगायचे. नगरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना ती विकायची होती. जाहिरातीसाठी फोटो हवा म्हणून त्यांनी तरण्या भास्करला बोलावलं. "फोटो काढाय गेल्तो," अण्णा सांगायचे. "भिंगातून बघितली आन मनात म्हनलं, ही जाहिरातीत छापली तर शंभर जन बघत्याल. फोटो दिलाच न्हाई. रोज जाऊन सांगायचो, उजेड बराबर न्हवता, परत काढावा लागंल. असं करता करता म्हातारा कटाळला आन मलाच म्हनला, तूच घे बाबा."

ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. थंडीत तिच्यावर काकूंनी शिवलेली गोधडी पडायची. काकूंचं म्हणणं, ती गोधडी मुलीच्या बाळंतपणासाठी शिवली होती. रस्त्यानं जाणारी पोरं गाडी बघायला थांबली की आतून आवाज यायचा, "बघा, पन हात पाठीमागं!" पोरं शाळेतल्यासारखी हात मागं बांधून उभी राहायची. मोठी माणसंही राहायची. मीसुद्धा पहिल्या दिवशी नकळत तशीच उभी राहिले होते.

अण्णांचा लाडका शब्द 'ओरिजिनल'. दिवे ओरिजिनल, हॉर्न ओरिजिनल, सीटखालचा काथ्याही ओरिजिनल. पण सगळ्यात जास्त अभिमान क्लचचा. मला गाडीतलं काही कळत नाही म्हटल्यावर त्यांनी एकदा आमच्यासमोर जेवणाच्या दोन ताटल्या घेतल्या आणि तोंडाला तोंड लावून दाबून धरल्या.

"ही इंजिनाची ताटली, ही चाकांची. दाबून धरल्या की दोघी संगं फिरत्यात, गाडी पळती. पायानं क्लच दाबला की ही हिला सोडती. मग गिअर टाकायचा. पाय हळू सोडला की पुन्हा भेट. कळलं?"

"कळलं."

"आता ह्या दोघींना सोडवतं कोन? नव्या गाडीत लोखंडी बेरिंग असतं, छर्ऱ्यांचं. कसंबी वागवा, चालतं. आमच्या गाडीत कोळशाची कडी हाय. कोळशाची! पाय उगाच क्लचवर ठेवला की झिजती. धसमुसळ्याच्या हाती दिली की गेली. तिला मानूस वळखू येतो."

"ताटल्या ठेवा खाली," काकू म्हणाल्या. "वरन गार व्हाया लागलंय."

त्या कोळशाच्या कड्या आता कुठं मिळत नाहीत. अण्णांनी पुण्याच्या जुन्या बाजारात महिनोन्‌महिने फिरून दोन-चार जमवल्या होत्या आणि त्या कापसात गुंडाळून काकूंच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या. काकूंनी एकदा तो डबा मला दाखवला. बोरमाळ, पाटल्या आणि शेजारी त्या काळ्याभोर कड्या. "माझ्या पाटल्या चोरीला गेल्या तर हे पोलिसात जातील का न्हाई, सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन ह्या गेल्या तर पोलिसांना घरातच राहायला आनतील."

एका लग्नात जे झालं, त्याची गोष्ट तालुक्यात अजून सांगतात. सुप्याकडच्या एका मोठ्या बागायतदाराच्या मुलाचं लग्न. वरातीला अण्णांची गाडी, फोटोही अण्णांचेच. ठरलेलं असं, की चालवणार अण्णा, नवरानवरी मागं बसणार. मांडवापाशी अण्णा कॅमेऱ्यातलं कार्ड बदलायला वळले, तेवढ्यात मित्रांनी नवरदेवाला पुढं स्टिअरिंगवर बसवलं. मोबाईलवर रील करायचं होतं. नवरदेवानं किल्ली फिरवली, क्लच दाबून गिअर टाकला, मित्रांकडं बघून हसत बराच वेळ तसाच दाबून धरला आणि मग एकदम सोडला. गाडीनं बँडवाल्यांच्या अंगावर उडी घेतली आणि बंद पडली. ताशेवाला ताशासकट बाजूला झाला म्हणून वाचला.

अण्णा हातातलं कार्ड तसंच टाकून आले. नवरदेवाला दंडाला धरून खाली उतरवलं, त्याचा फेटा सरळ केला, गाडीत बसले आणि वरात तशीच सोडून निघाले. बॉनेटवर झेंडूच्या माळा, मागच्या काचेवर दोघांची नावं. रस्त्यानं बघणाऱ्यांना वाटलं, नवरा-नवरी पळून गेले आणि ड्रायव्हर त्यांना शोधतोय.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील दारात आले. मी वरच्या गॅलरीत होते. त्यांचा आवाज चौकापर्यंत जात होता. पोरगं नव्या नवरीसकट चालत मारुतीला गेलं, सोयऱ्यांसमोर तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं ते बरंच काही बोलले. अण्णा शांतपणे ऐकत होते. त्यांचं बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं क्लचवर पाय किती वेळ ठेवला हुता?"

त्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला. मग आले तसे निघून गेले.

मला सुरुवातीला ही सगळी गंमत वाटायची. जुन्या वस्तूंचा नाद असलेला माणूस, असं मी माझ्या मिस्टरांना सांगायचे. नादापलीकडं काही आहे, हे मला काकूंच्या प्रसंगात दिसलं.

काकू दर बुधवारी बहिणीला भेटायला म्हणून नगरला जायच्या. एक दिवस संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या, दार लावून घेतलं आणि पदराआडून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. गाडी चालवायचं लायसन्स. फोटोत काकू अशा गंभीर, की जणू कोर्टात उभ्या आहेत.

"बहिनीकडं जात न्हवते," त्या म्हणाल्या. "शिकत हुते."

"काकू! अण्णांना माहितीय?"

"सांगनार हाय. तुमी बसा ना आज आमच्याकडं जेवायला. तुमच्यासमोर ते जास्त बोलत न्हाईत."

त्या दिवशी अण्णा खरंच जास्त बोलले नाहीत. लायसन्स उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "फोटो कुनी काढला? हनुवटी केवढी आलीय." मग पुढचे दोन दिवस घरात तांब्या-भांड्यांचेच आवाज. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच गाडी बाहेर काढली आणि म्हणाले, "चल. बघू."

आम्ही जामगाव रस्त्याला गेलो. मला मागं बसायला सांगितलं होतं, साक्षीदार म्हणून असेल. त्या गाडीत बसायची ती माझी पहिलीच वेळ. मोकळ्या रस्त्यावर अण्णा उतरून शेजारच्या सीटवर आले, काकू स्टिअरिंगवर बसल्या, पदर खोचला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी लोण्यासारखी असते. हिचा क्लच म्हणजे जातं. काकूंचा पाय पेडलवर होता, पेडल निम्म्यावर जाऊन अडत होतं. त्यांनी सीटच्या टोकाला सरकून, दात आवळून, सगळा भार टाकला. तरी गिअर टाकताना खडाड्‌ असा आवाज झाला. गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"ऱ्हाऊ दे," अण्णा मऊ आवाजात म्हणाले. "तुझ्यानं न्हाई व्हायचं. तिला माझ्याच पायाची सवय हाय."

मी आरशात त्यांचा चेहरा पाहिला. बायकोला जमलं नाही म्हणून वाईट वाटलेल्या नवऱ्याचा तो चेहरा नव्हता. त्यांना हायसं वाटलं होतं. परत येताना ते शीळ घालत होते. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मला एकदम कळलं, ओरिजिनल क्लच त्यांना का हवा होता. त्या क्लचमुळं गाडी फक्त त्यांची होती. जगात दुसऱ्या कुणाच्या पायाला ती दाद देत नव्हती, आणि हे असंच राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर नगरला जुन्या गाड्यांचा एक मेळावा झाला, तिथं मीही त्यांच्याबरोबर गेले होते. एका मोठ्या मैदानावर गाड्या ओळीनं लावलेल्या. अण्णांच्याच मॉडेलची, तसलीच काळी गाडी नगरमध्ये एकाकडं होती. दातांचे डॉक्टर, खरात म्हणून. हे खरात डॉक्टर म्हणजे अण्णांच्या हेव्याचा कळस. त्यांच्या गाडीचा रंग जास्त चमकायचा, आणि त्यांनी तिचा क्लच बदलला होता. आतली सगळी रचना नव्या धर्तीची, छर्ऱ्यांचं बेरिंग, हलकं पेडल. अण्णा त्या गाडीला गाडी म्हणायचे नाहीत. 'डॉक्टरची कवळी' म्हणायचे.

"अण्णा, तुमचा आग्रह मला समजतो," डॉक्टर त्या दिवशीही सांगत होते. "पण गाडी म्हणजे चालवायची वस्तू. मी तिला भंडारदऱ्यापर्यंत नेऊन आणतो. तुम्ही घाट चढता का हिच्यावर?"

"घाट चढाय टेम्पो हाय की," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरांच्या मिसेस गाडी घेऊन आल्या. सहज, एका हातानं, उलटी घेऊन ओळीत लावली. खाली उतरल्या आणि काकूंना म्हणाल्या, "तुम्हीपण शिकलाय ना? घ्या एक फेरी."

काकूंनी अण्णांकडं पाहिलंही नाही. बसल्या, क्लच दाबला, आणि पेडल आत गेलं तसा त्यांच्या तोंडून आवाज निघाला, "अगं बया!" गाडी हलली. मैदानाच्या कडेकडेनं त्यांनी फेरी मारली, मग आणखी एक मारली. दुसऱ्या फेरीला हॉर्न वाजवला. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते, पण अण्णांकडं लक्ष गेलं आणि माझे हात थांबले. आपली बायको दुसऱ्याच्या गाडीत हसताना पाहणारा माणूस कसा दिसेल, तसे ते दिसत होते. गळ्यात कॅमेरा होता. त्याला त्यांनी हात लावला नाही.

परत येताना भाळवणी मागं पडली. मग अण्णा म्हणाले, "ती कवळी हाय."

"असू द्या," काकू म्हणाल्या. "चावता तरी येतंय तिनं."

पुढं आठवडाभर अण्णा जेवायला बसायचे आणि अर्धी भाकरी ठेवून उठायचे. एका दुपारी मी पाणी भरत होते, तेव्हा शेडमधून त्यांचा आवाज आला. काकू तिथं गोधडी झटकत होत्या. "कशी चालती गं ती डॉक्टरची?" त्यांनी इकडं तिकडं बघत विचारलं. काकू म्हणाल्या, "पायाला कळतच न्हाई, क्लच हाय म्हनून." अण्णांनी मान हलवली आणि फडकं घेऊन, आधीच लख्ख असलेला आरसा पुसायला लागले.

गुडघा त्याच सुमाराला दुखायला लागला. डावा. क्लचचा. कित्येक वर्षं ते जातं दाबून दाबून झिजला असावा. नगरला ऑपरेशन झालं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण असलं जड पेडल आता दाबायचं नाही. अण्णांनी घरी येऊन गाडीवर गोधडी घातली. पावसाळा गेला, थंडी गेली. ते रोज शेडमध्ये जाऊन आत बसायचे, पण चालू करायचे नाहीत. दुसऱ्या कुणाला चालू करूही द्यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "अण्णा, शाळेतले शिपाई चांगली गाडी चालवतात. आठवड्यातून एकदा फिरवून आणतील." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्याकडं काहीतरी भलतंच मागितलंय.

अशी पडून राहिल्यानं जे व्हायचं ते झालं. मुलगी-जावई आले, जावयाला दाखवायला अण्णांनी इंजिन सुरू केलं, क्लच दोन्ही पायांनी दाबला, तर गिअर पडेना. त्या दोन ताटल्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. नगरहून युनूसभाई मेकॅनिक आला. गिअरमध्ये घालून स्टार्टर मारून पाहिला. गाडी उडी मारून गप्प झाली. मग त्यानं गिअरबॉक्स उतरवला. ताटलीवरचं अस्तर तुकड्यातुकड्यांनी निघून आलं. कोळशाच्या कडीला चीर गेली होती.

अण्णा ती कडी तळहातावर घेऊन ओट्यावर बसले.

"अण्णा, दोन रस्ते," युनूसभाई हात पुसत म्हणाला. "प्लेटला नवं अस्तर मारतो, तुमच्या डब्यातली कडी घालतो. जशी होती तशी होईल. नाहीतर खरात डॉक्टरांच्या गाडीत घातलाय तसला सेट घालतो. हलका चालंल. जुने भाग जपून ठेवा, उद्या वाटलं तर परत बसवता येतात. गाडीला कुठं कापाकापी करायची नाही."

"जशी हुती तशी," अण्णा लगेच म्हणाले.

"आन चालवनार कोन?" दारातून काकूंनी विचारलं.

अण्णांनी कडीवर मूठ मिटली.

"मी म्हनत न्हाई मला द्या," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हातातलं लाटणं त्या खाली ठेवायला विसरल्या होत्या. "लग्न झाल्यापास्नं ती तुमच्या शेजारी आन मी मागं. काय बोलले का कदी? पन तुमचा पाय गेला म्हनून तिचाबी न्यायचा का? कुलूप लावून मारायची तिला?"

युनूसभाईनं घड्याळ पाहिलं आणि दोन दिवसांनी फोन करतो म्हणून निघून गेला.

हे खरात डॉक्टरांच्या कानावर गेलं असावं, कारण रविवारी ते स्वतः आले. चहा झाला. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मलाही नवल वाटलं.

"अण्णा, खरं सांगू? माझी मी बदलून बसलो. चालवायला मजा येते. पण कधीकधी वाटतं, पहिलं जे होतं ते आपण घालवलं. आपल्या जिल्ह्यात अशी एक तरी गाडी जशीच्या तशी राहायला पाहिजे. तुमची मला द्या. जुन्याच भागांनी दुरुस्त करतो. बंगल्यात हॉल बांधलाय, काचेचा. तिथं ठेवीन. कुणी चालवणार नाही. मीपण नाही. शब्द देतो."

अण्णांचे डोळे चमकले. अगदी त्यांच्या मनातलं होतं ते. ओरिजिनल क्लच, ओरिजिनल कडी, आणि कुणाचाही पाय नाही. त्यांनी डॉक्टरांना विचार करून सांगतो म्हटलं. मला वाटलं, गाडी गेली.

डॉक्टर गेल्यावर ते बराच वेळ शेडच्या खांबाला टेकून उभे होते. काकू कपबशा उचलत होत्या.

"त्या हालमधी तिला पुसनार कोन?" अण्णांनी विचारलं.

"नोकर असंल की त्यांच्याकडं."

"नोकर."

"मग? डॉक्टर का फडकं मारनारेत?"

"आन लोक बघाया येत्याल."

"येत्याल. काचंचा हाल हाय."

अण्णांनी गाडीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचं कपाळ आक्रसलं होतं. एकीकडं घरातला पाय, दुसरीकडं परक्यांचे डोळे. कुठलं जास्त जळतंय, हे ते आत कुठंतरी चाचपून बघत असावेत.

"युनूसला फोन लाव," ते शेवटी म्हणाले. "नवीन बसव म्हनावं. हलका." आणि काकूंनी काही बोलायच्या आत, "पन मी समोर बसनार. माझ्या माघारी तिला उघडायची न्हाई."

तसे ते बसलेही. काम चाललं तेवढे दिवस गॅरेजमध्ये, एका उलट्या डब्यावर. निघालेला प्रत्येक भाग स्वतः रॉकेलनं धुतला, तेल लावलं, जुन्या धोतरात बांधला आणि घरी आणला. काकूंनी आपले दागिने दुसऱ्या डब्यात हलवले आणि कड्यांचा जुना डबा त्यांना देऊन टाकला.

त्यानंतरचं वर्ष अण्णांना फार जड गेलं. काकू गाडी चालवायच्या आणि चांगली चालवायच्या. बँकेत जाताना, दळणाला जाताना, अगदी कोथिंबीर आणायलासुद्धा गाडी काढायच्या. पोरं आता हात मागं न बांधता 'काकूंची गाडी आली' म्हणून ओरडायची. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा अण्णा स्टुडिओच्या पायरीवर होते. ते आत गेले आणि शटर निम्मं खाली ओढून घेतलं. काकूंच्या शेजारी बसायला ते तयार नसत. "मला काम हाय" म्हणायचे आणि दारात उभे राहून गाडी वळेपर्यंत कान देऊन ऐकायचे, कुठं गिअर खरडतोय का.

गल्लीतल्या आम्ही चौघी-पाचजणी एकदा काकूंच्या गाडीतून हिवरे बाजारला गेलो. तिथली पाण्याची कामं, डोंगरावरची झाडी बघितली, झाडाखाली बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला, येताना गाणी म्हटली. दिवेलागणीला घरी आलो तेव्हा अण्णा दारातच होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकापाशी वाकून कुठं जळल्याचा वास येतो का पाहिलं, मागच्या सीटवरची शेंगांची टरफलं उचलली. बाकीच्या बायका गेल्या, काकू चूल पेटवायला आत गेल्या. मी जिन्यापाशी होते.

"बाई," अण्णांनी हळूच हाक मारली. "एक विचारू? खरं सांगा."

"विचारा ना."

"तिनं चांगली चालवली?"

"छान चालवली."

"माझ्यापरीस?"

दोघंही चालवत असताना मी मागच्या सीटवर बसले होते. अण्णा चालवायचे तेव्हा प्रत्येक गिअरला मान पुढं जाऊन मागं यायची. काकूंच्या हाती गाडी कधी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली, समजलंही नव्हतं. खोटं बोलायला माझी हरकत नव्हती. पण ते माझ्याकडं असे बघत होते, की खोटं त्यांना लगेच कळलं असतं.

"हो अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. हातातली टरफलं एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतली.

"क्लच नवीन हाय ना," ते म्हणाले आणि आत गेले.

जिना चढताना मला माझाच जरा राग आला, आणि दुसरंही काहीतरी वाटलं. माझ्या मिस्टरांनी मी काय करते, कुठं जाते, कुणाबरोबर हसते, याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. चांगला समजूतदार माणूस. सगळ्या मैत्रिणी त्यांचं कौतुक करायच्या. त्या दिवशी मात्र खालच्या स्वयंपाकघरातून अण्णांचा कुरकुरणारा आवाज वर येत होता, "एवढ्या लांब न्यायची काय गरज हुती? आन येवढा वेळ?" आणि मला काकूंचा हेवा वाटला.

पुढं माझी बदली नेवाशाकडं झाली. सामान टेम्पोत भरलं तेव्हा अण्णांनी माझा एक फोटो काढून दिला, मी नको म्हणत असताना. त्यानंतर कधी फोनवर बोलणं व्हायचं, काकूंशीच जास्त. अण्णा गेले ते गेल्या उन्हाळ्यात, झोपेतच. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. पण त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या थंडीत, घोडेगावात.

बाजाराचा दिवस होता. मी एसटीनं नगरला चालले होते. जनावरांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, बस मुंगीच्या पावलानं चाललेली. म्हशी, पिकअप, धुरळा, दलालांचा आरडाओरडा. त्या गर्दीत खिडकीखाली मला ती काळी गोल पाठ दिसली. काकू स्टिअरिंगवर, डोळ्यांवर चष्मा. त्यांच्या शेजारच्या सीटवर गोणपाट अंथरलेलं आणि त्यावर एक पांढरं करडू उभं, तोंड खिडकीबाहेर काढून बाजार बघत होतं. अण्णा मागं बसले होते.

"काकू!" मी ओरडले.

"बाई! अहो उतरा, चला आमच्यासंगं! नगरला सोडते!" काकूंचा आवाज आनंदानं फाटला होता. "माझ्या भावानं दिलं बगा करडू. दुधाच्या शेळीचं हाय."

"आणि अण्णा मागं का?"

काकू हसल्या. अण्णांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. वाळले होते, पण डोळे तेच.

"तुमीच सांगा तिला," ते म्हणाले. "त्या करडाला मागं बसून मळमळतं म्हनं. मला मळमळत न्हाई का? म्या म्हनलं मी त्याला मांडीवर घेतो. तर म्हनती, त्याला पुढंच बरं वाटतंय."

पुढचा ट्रक हलला. हॉर्न वाजायला लागले. काकूंनी गाडी अशी सुटी केली, की करडाचा कानसुद्धा हलला नाही. माझी बस मागं राहिली. गाडी धुरळ्यात शिरेपर्यंत मागच्या काचेतून मला दिसत होतं, अण्णा दोन्ही सीटांच्या मधून पुढं वाकले होते आणि त्या करडाच्या तोंडातून काकूंचा पदर सोडवत होते.